गळ्याइतकं ऊन पाणी

आबासाहेबांनी उभ्या जन्मात बायकोसाठी स्वतः हिंडून निवडलेली वस्तू एकच, ती म्हणजे टब. लुगडी तिची तीच घ्यायची, डोरलं त्यांच्या आईनं घडवलेलं, आणि बायको तर त्यांनाच दुसऱ्यांनी निवडून दिलेली. टबासाठी मात्र या माणसानं अर्धा नगर जिल्हा पालथा घातला.

शनिशिंगणापुरात देवळाच्या वाटेवर त्यांचं दुकान होतं. तेल, नारळ, रुईच्या पानांच्या माळा, काळ्या बाहुल्या. नव्वद सालानंतर भाविकांचा असा लोंढा सुरू झाला की कोरडवाहू बाजरीवर जगणारं हे घर पाच-सहा वर्षांत स्लॅबखाली आलं. घरात मोझॅकची फरशी आली, रंगीत टीव्ही आला, गॅस आला. दार तेवढं आलं नाही, कारण या गावात कुणाच्याच घराला दार नसतं. चौकट असते, तिला पडदा. कुत्रं शिरू नये म्हणून फार तर एक फळी टेकवून ठेवायची. राखणदार देव गावात उभा असताना कडीकुलूप लावायचं म्हणजे त्याच्यावरच संशय घ्यायचा, असं गाव मानतं.

दार नाही म्हणून कुणी कुणाच्या घरात मोकाट शिरतं असंही नाही. गावचा माणूस चौकटीबाहेर थांबून खाकरतो, आतून "कोन हाय?" आलं की मगच पडदा सारतो. गावात दाराचं काम घसाच करतो म्हणा ना. बाई न्हाणीत असली की आतून "न्हाते हं!" म्हणते, आणि पाच मिनिटं त्या बाजूला कुणी फिरकत नाही. पिढ्यान् पिढ्या हे असं बिनबोभाट चाललेलं होतं.

त्यांच्या बायकोला, जयमालेला, वातानं धरलं ते हाताच्या बोटांपासून. आधी सकाळी भाकरी थापता येईना, मग कपबशी धरवेना, मग गुडघे सुजले. बिब्बा झाला, निर्गुडीचा शेक झाला, ताईत झाला. साडेसाती आहे, उतरेल, असं सांगणारे तर पावलापावलाला भेटले. शेवटी आबासाहेब तिला नगरला एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी तिची बोटं एकेक करून वाकवून बघितली. म्हणाले, "सांधे अजून हलताहेत. गोळ्यांनी दुखणं कमी होईल, पण रोज सकाळी अर्धा तास यांना गळ्याइतक्या ऊन पाण्यात बसवा आणि पाण्यातच हातपाय हलवायला लावा. पाण्यात अंगाचं वजन जातं, त्यामुळं दुखत नाही. एवढं जमवलंत तर हात राहतील. नाही तर एकदा आखडले की आखडले."

"डॉक्टरसाहेब," आबासाहेब म्हणाले, "गळ्यापतूर पान्यात आमच्याकडं म्हशी बसत्यात."

डॉक्टर हसले. जयमाला हसली नाही. परतताना एसटीत ती आपल्या हातांकडे बघत बसली होती. राहुरीजवळ कधीतरी हळूच म्हणाली, "हात ऱ्हायले पायजेत, अवो. बाकी काय बी जाऊ द्या." ते वाक्य आबासाहेबांच्या जिवाला लागलं. त्या दिवसापासून टब हा त्यांचा ध्यास झाला.

गावात सल्ल्याला तोटा नव्हता. एकानं गुऱ्हाळाची काहील सुचवली, "खालून जाळ बी लावता येतोय." आबासाहेब उखडले, "बायकू शिजवायची हाय का रं मला?" घंगाळ म्हणाल तर त्यात पोर बसेल, बाई नाही. सहादेव गवंडी म्हणाला, सिमेंटचा हौद बांधू, पक्का होईल. बांधलाही. जयमाला त्यात एकदाच बसली. बंबातलं कढत पाणी सिमेंटनं बघता बघता पिऊन टाकलं, आणि कोपरं खरचटली ती वेगळीच. दुसऱ्या दिवशी आबासाहेबांनी तो हौद म्हशीला देऊन टाकला.

मग नगरच्या एका मोठ्या दुकानात गेले. तिथं पांढरेशुभ्र लांबट टब ओळीनं मांडलेले होते. दुकानदारानं सवयीनं विचारलं, "बाथरूमचं दार किती फुटी आहे? आत जायला पाहिजे ना."

"दारच न्हाई."

"मग काय, बादशाही काम! कुठलाही न्या."

पण जयमालेनं त्या लांबट टबाकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. "ह्यात निजायचं? निजवून आंघुळ मेल्यावर घालत्यात." आबासाहेबांना राग आला नाही. तिचं बरोबरच होतं असं त्यांना वाटलं. तिला बसता यायला हवं होतं, ताठ, चारचौघांत बसल्यासारखं.

शेवटी पत्ता लागला तो भंडारदऱ्याचा. धरणाच्या अंगाला एक हॉटेल नव्यानं सजवायला काढलं होतं आणि जुनं सामान विकायचं होतं. त्यात एक गोल टब होता, फायबरचा, आतून कडेकडेनं बसायला बाक केलेला. हॉटेलचा राखणदार कानिफनाथ म्हणून होता. त्यानं टबावरचं पोतं काढलं.

"पावने ह्यात बसून धरनाकडं बघायचे," तो म्हणाला.

"आनि?"

"आनि काय न्हाई. बघायचे."

आबासाहेबांनी पायताणं काढली, धोतर सावरलं आणि कोरड्या टबात उतरून बाकावर बसले. जयमाला त्यांच्या खांद्याला लागते. त्या हिशेबानं त्यांनी अंग चोरून घेतलं, मान खाली घातली, आणि गळा कुठं येतो ते हातानं दाखवलं. मग तिच्यासारखेच गुडघे न वाकवता, हाताची बोटं न वापरता, नुसत्या तळव्यांवर जोर देऊन बाहेर येऊन बघितलं. एकदा, दोनदा, पुन्हा. आतला बाक, मग काठ, मग बाहेर एक पायरी ठेवली की झालं. कानिफनाथ तोंडाला उपरणं लावून हसत होता. हसू दे. बायकोचं दुखणं अंगावर घेऊन बघायची अक्कल त्याला कुठली असणार! फायबर हाताला गार लागत नव्हतं, खरखरीत नव्हतं, ऊब धरून ठेवणारं होतं. पाण्याला बुडबुडे आणणारी मोटार होती, ती गावच्या विजेवर चालणार नाही म्हणून आबासाहेबांनी तिथंच सोडून दिली.

टेम्पोत उलटा घातलेला तो टब अकोले तालुक्यापासून शिंगणापुरापर्यंत लोकांनी बघितला. घरात न्यायला काही अडचण आली नाही. पडदा वर केला, आणि टब सरळ न्हाणीत गेला.

पहिल्या सकाळी आबासाहेबांनी स्वतः बंब पेटवला, कोपर बुडवून पाणी बघितलं आणि पडद्याबाहेर पाट टाकून बसले. आत जयमाला साडीसकट पाण्यात उतरली. कितीतरी वेळ काहीच आवाज आला नाही. मग हाक आली, "अवो, आत या जरा." ते घाबरून आत गेले. तिनं पाण्याखालचा हात त्यांना दाखवला. बोटं उघडत होती आणि मिटत होती. सावकाश, अडखळत, पण होत होती. "बघा की," ती म्हणाली, आणि रडायला लागली. आबासाहेबांच्याही डोळ्यांत पाणी आलं. आपण जन्माला येऊन एक काम धड केलं असं त्यांना वाटलं, आणि ते खोटंही नव्हतं.

थोड्याच दिवसांत ती कपबशी दोन हातांत धरायला लागली. गुडघ्यांची सूज उतरली. एकदा तिनं भाकरीही थापली, वाकडी झाली, पण थापली.

मग शनी अमावस्या आली. त्या दिवशी गावात मुंगीला वाट मिळत नाही. जयमाला म्हणाली, "आज ऱ्हाऊ द्या." आबासाहेबांनी ऐकलं नाही. डॉक्टरांनी खाडा करू नका म्हणून बजावलं होतं ना. "मी बसतो की बाहेर," म्हणाले आणि बसले. पण दुकानात तेल संपलं, गिऱ्हाईक ओरडायला लागलं, तेव्हा डबा फोडून देण्यापुरते ते उठले.

तेवढ्यात परगावचं एक कुटुंब गल्लीतून आत शिरलं. इथं घरांना दारं नसतात हे त्यांनी ऐकलं होतं, आता डोळ्यांनी बघायचं होतं. त्यांना खाकरायचं कुणी शिकवलं होतं? ओसरी बघितली, खोली बघितली, आणि बापानं न्हाणीचा पडदा उचलून मंडळींना दाखवलं, "बघा, बाथरूमलासुद्धा नाही!"

जयमाला टबात होती. झटकन उठून उभं राहायला, पाठ फिरवायला तिच्याजवळ गुडघे कुठं होते? साडी पाण्यावर फुगून आलेली, ती ओढून धरायला बोटं कुठं होती? ती हनुवटीपर्यंत पाण्यात सरकली आणि डोळे मिटून घेतले. त्या माणसानं "सॉरी हं, काकू" म्हणून पडदा पुन्हा नीट सारखा करून ठेवला.

आबासाहेब आले तेव्हा पाणी गार झालं होतं आणि ती तशीच बसलेली होती. तिनं सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "मला काढा."

दुसऱ्या दिवशी बंब पेटला, पण ती उठली नाही. आबासाहेब म्हणाले, मी आतच बसतो, हलत न्हाई. एकदा तसं करूनही बघितलं. वाऱ्यानं पडदा हलला की तिचं सगळं अंग ताठ व्हायचं. "पान्यात बसून आखडायचं, तर भाईर काय वाईट हाय?" ती म्हणाली.

तेव्हा आबासाहेब एक वाक्य बोलले. त्या गावात ते सहसा कुणी बोलत नाही. म्हणाले, "न्हाणीपुरतं दार लावू. मी लावतो. देवाला काय म्हनायचं ते मला म्हनू दे."

"खुळं का काय तुमी!" जयमाला केवढ्यानं तरी ओरडली. "उद्या गावात कुनाचं ढोर मेलं, कुनाचं पोर पडलं, तर बोट माझ्याकडं यील. माझ्या हातांपायी? न्हाई. मला न्हाई पायजे." आणि खरं सांगायचं तर तिनं नाही म्हटल्यावर आबासाहेबांना आतून हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची त्यांना पुढं जन्मभर लाज वाटली.

वाट काढली ती जयमालेच्या भावानं. छगन जिल्ह्यातल्याच बेलापूरला असायचा. त्याचं घर चांगलं होतं, दाराकडीचं होतं. "दाजी, टब माझ्याकडं आना आनि आक्काला बी. म्हैना-दोन म्हैने ऱ्हाऊ द्या. हितं कोन यीतंय बघायला?" त्या अमावस्येनंतर जयमाला पहिल्यांदा हसली. बेलापूर तिचं माहेर. लग्नाआधी तीही दारं लावूनच झोपत होती की.

टब पुन्हा टेम्पोत चढला. बेलापुरात मात्र तो बाथरूमच्या दारातून आत जाईना. आडवा करून बघितला, तिरका करून बघितला. शेवटी छगननं चौकटच उखडली, टब आत नेला आणि रुंद चौकटीत नवं पत्र्याचं दार बसवून घेतलं. दार एकदम मजबूत, आतून जाड लोखंडी कडी, नवी कोरी. छगननं ती दोन-तीनदा ओढून दाखवली. जरा घट्ट होती. "वापरून सैल हुईल," तो म्हणाला. बहिणीसाठी एवढं करणाऱ्या भावाला कोण काय म्हणणार?

पहिल्या दिवशी आबासाहेब मुद्दाम थांबले होते. छगनची बायको विमल, तिनं पाणी भरून दिलं, पायरी लावून दिली. म्हणाली, "वन्सं, कडी नका लावू, नुसतं लोटून घ्या. मी हाय हितंच."

"न्हाई," जयमाला म्हणाली, "लावतेच मी."

बाहेर पायरीवर बसलेल्या आबासाहेबांना कडी सरकल्याचा आवाज आला. हाताच्या तळव्यानं ढकलून लावली असणार, ढकलायला बोटं लागत नाहीत. मग पाण्याचा आवाज आला. आणि थोड्या वेळानं, किती वर्षांनी कोण जाणे, बायको गुणगुणताना त्यांना ऐकू आली. त्यांनी तंबाखूची चंची काढली होती, ती तशीच हातात राहिली. सगळं जमलं असं त्यांना त्या वेळी वाटलं.

अर्ध्या तासानं ती स्वतःच्या स्वतः टबाबाहेर आली. बाक, काठ, पायरी. कोरडी साडी कशीबशी गुंडाळली. "येते हं," म्हणाली. आणि मग कडी निघेना.

लावताना ढकलायची होती, काढताना दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढायची होती. चिमूट तिच्याकडे नव्हती. तिनं तळवा लावला, मनगट लावलं, तांब्याच्या काठानं ठोकून बघितलं.

"अगं, सावकाश," आबासाहेब बाहेरून म्हणाले.

"निघत न्हाई, अवो."

"दम घी. परत बघ."

"बोटं सरकत्यात."

त्यांनी दाराला खांदा दिला. छगननं दार मजबूत बसवलं होतं. वरचा झरोका वीतभर. तीस वर्षं संसार झाला, पण आपण आणि बायको यांच्यामध्ये न उघडणारं काही आबासाहेबांनी कधी बघितलं नव्हतं. ते दारावर नुसते थापा मारत राहिले. विमल शेतावर गेलेल्या छगनला हाका मारत पळाली. आत जयमाला दाराशी उभी होती, ओल्या फरशीवर, टब पाठीमागं, हाताशी धरायला काही नाही. गुडघ्यांना एवढं उभं राहायची सवय राहिली नव्हती.

"मला बसू द्या जरा," ती म्हणाली. मग धप्पकन आवाज आला आणि काचा फुटल्याचा आवाज आला.

छगन पहार घेऊन आला, तेव्हा कुठं दार उघडलं. ती भिंतीशी पडलेली होती. पडताना हात टेकला होता, उजवं मनगट भलतीकडे वळलेलं. दोन्ही हातांतल्या बांगड्या फुटून फरशीवर पसरल्या होत्या, आणि तांबडं पाणी मोरीकडे चाललं होतं. शेजारची माणसं पाठीमागं गोळा झाली होती. ती भावाकडे बघत नव्हती, नवऱ्याकडेही बघत नव्हती. "पदर सारखा करा माझा," एवढंच म्हणाली.

हाताला प्लास्टर बसलं. प्लास्टर भिजवायचं नाही म्हटल्यावर पाण्यात बसायचं बंद झालं. ते निघालं तेव्हा आतली बोटं तळहाताकडे वळून घट्ट झाली होती. पाणी सुटलं तसा डावा हातही त्याच वाटेनं गेला. नगरच्या डॉक्टरांनी पुन्हा एकेक बोट वाकवून बघितलं. "आता पाण्यात बसवलंत तर बरं वाटेल. तेवढंच," म्हणाले. घरी येताना आबासाहेबांनी टब परत आणायचं काढलं. जयमाला म्हणाली, "पान्याचं नाव काढू नगा," आणि विषय संपला.

आता आबासाहेब तिला भरवतात, वेणी घालतात. वेणी वाकडी होते. दुकान जोरात चालतं.

संक्रांत जवळ आली तशी बिस्मिल्ला मणेरीण बांगड्यांच्या माळा घेऊन गल्लीत आली. गावची रीत तिला ठाऊक, चौकटीबाहेर थांबून खाकरली. आबासाहेबांनीच तिला आत बोलावलं. हिरवा चुडा भर म्हणाले. बिस्मिल्लानं जयमालेचा डावा हात मांडीवर घेतला, तेल चोळलं, साबण चोळला, मोठ्यात मोठ्या मापाची बांगडी बोटांवरून सरकवायला घेतली. सांध्यापाशी ती अडली. जोर दिला तशी फुटली. दुसरी घेतली, तीही फुटली.

"मूठ जरा ढिली सोडा, भाभी."

"ढिलीच हाय गं," जयमाला म्हणाली. "येवढीच ढिली हुते आता."

बिस्मिल्लानं उजवा हात बघितला आणि खाली ठेवला. आबासाहेब म्हणाले, पेचाच्या करून आणू नगरहून, सोन्याच्या, उघडून घालायच्या. जयमालेनं मान हलवली. सवाष्णीचा हात काचेनं भरतो, सोन्यानं नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. बिस्मिल्लानं काचेचे तुकडे पदरात वेचून घेतले, माळा खांद्यावर टाकल्या आणि पडदा सारून गेली. नवरा समोर धडधाकट बसलेला, आणि दोन्ही हात मोकळे. जयमालेनं ते पदराखाली झाकायला घेतले. पदर तिला ओढता येईना, म्हणून आबासाहेब उठले आणि त्यांनीच तो तिच्या हातांवर घातला.